तोट्याचा रकाना

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला नदी दिसली, की तिच्या देखणेपणाआधी तिचा विसर्ग दिसतो. पाठोपाठ त्यातले किती पाणी हाती लागणार आणि किती वाया जाणार, याचे गणित डोक्यात आपोआप सुरू होते. धरणाच्या पाण्याचे वार्षिक नियोजन करताना आमच्या तक्त्यात त्यासाठी स्वतंत्र रकाना असे. बाष्पीभवन, गळती आणि वहनव्यय मिळून जो आकडा येई, तो त्यात भरायचा. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत सगळ्यात जास्त आरडाओरडा याच रकान्यावरून होई आणि खरे सांगायचे तर तो रास्तच असे. माझे गाव आटपाडी तालुक्यातले. माणगंगेच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून, वाटीवाटीने पाणी घागरीत भरणारी आई मी पाहिली आहे. त्यामुळे त्या रकान्याशी माझे वैर केवळ नोकरीपुरते नव्हते.

जुलै २०२३ मध्ये पत्नी आणि मी नामिबिया आणि बोट्स्वाना असा बावीस दिवसांचा प्रवास केला. मुलीने तो आग्रहाने ठरवून दिला होता. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी, तीत आम्ही अकरा प्रवासी, गाडी चालवणारा आणि वाट दाखवणाराही एकच माणूस, शिवाय एक स्वयंपाकी. तंबू रोज आपले आपण उभारायचे आणि पहाटे दव झटकून घडी घालायचे. पुण्यात तेव्हा पावसाची झड लागली होती आणि आम्ही निघालो होतो तो मुलूख ऐन कोरड्या हिवाळ्यात होता, जिथे पुढचे तीन महिने थेंब पडण्याची शक्यता नव्हती. तरीही माहितीपत्रकात लिहिले होते, की ओकावांगोचा पूर पाहण्याचा हाच उत्तम काळ आहे. पत्नीने विमानात मला याचे कारण विचारले, तेव्हा मी अँगोलातला पाऊस, नदीचा उतार वगैरे बरेच काही सांगितले. पण ते पाठ केलेले उत्तर होते हे तिच्या लक्षात आले असावे, कारण ती मध्येच झोपी गेली.

प्रवासाची सुरुवात माझ्या धर्माच्या माणसांपासून झाली. विंडहोक हे नामिबियाचे राजधानीचे शहर. त्याच्या जवळपास बारमाही नदी नाही. सांडपाणी शुद्ध करून ते थेट पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा प्रकल्प या शहराने १९६८ साली गोरियांगाब येथे सुरू केला, आणि असे करणारे ते जगातले पहिले शहर ठरले. शिवाय बरे पाऊस झाले की उरलेले पाणी धरणात उघड्यावर न ठेवता ते शुद्ध करून जमिनीखालच्या खडकात भरून ठेवतात, म्हणजे सूर्याच्या हाती काही लागायला नको. तोट्याचा रकाना जवळजवळ कोरा ठेवणारे शहर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. नळाचे पाणी मी कौतुकाने दोन पेले प्यायलो आणि मग पत्नीला ही हकीकत सांगितली. तिने हातातल्या चहाकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे चहा संपल्यावर सांगायचं होतं."

तिथून नैर्ऋत्येला सेस्रिम. आफ्रिकान्स भाषेतल्या या नावाचा अर्थ सहा वाद्या असा होतो. तिथल्या अरुंद घळीच्या तळाशी पाणी साठते आणि जुन्या काळी बैलगाड्यांनी जाणारे लोक कातड्याच्या सहा वाद्या एकमेकींना बांधून, त्यांना भांडे लावून ते पाणी वर काढत. मोटेचा नाडा हाताळलेल्या घरातल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमच्याकडे विहीर किती परस खोल हे सांगतात. इथे गावाचे नावच दोराच्या लांबीवरून पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सोसुसव्लेईच्या लाल टेकड्यांमध्ये गेलो. ही वाळू मुळात नदीचा गाळ आहे, हे मला वाटाड्याने सांगितले तेव्हा मी त्याला ते दोनदा सांगायला लावले. दक्षिणेकडच्या ऑरेंज नदीने ती समुद्रात नेऊन टाकली, किनाऱ्यालगतच्या थंड बेंग्वेला प्रवाहाने उत्तरेकडे ढकलली आणि वाऱ्याने पुन्हा जमिनीवर आणून तिचे डोंगर रचले. लोहाच्या गंजाने तिला तो रंग आला. त्या डोंगरांच्या कुशीत डेडव्लेई नावाचे पांढऱ्या मातीचे तळ आहे. तसाउखाब नदीचे पाणी पूर्वी इथपर्यंत पोहोचत असे. पुढे वाळूच्या टेकडीने तिची वाट अडवली आणि पाणी यायचे थांबले, तेव्हा इथली काटेरी बाभळीच्या जातीची झाडे उभ्या उभ्या वाळली. त्याला सहाशे ते सातशे वर्षे झाली. हवा इतकी कोरडी आहे, की लाकूड कुजतसुद्धा नाही. उन्हाने करपून काळे पडलेले बुंधे अजून तसेच उभे आहेत. मी एका बुंध्याजवळ बराच वेळ थांबलो. साल कधीच गेलेली होती, पण जिथे फांदी फुटली होती तिथला पीळ ताजा दिसत होता. धरणात ज्या पातळीच्या खालचे पाणी विमोचकातून सोडता येत नाही, त्याला आमच्या भाषेत मृतसाठा म्हणतात. नोकरीत हजार वेळा लिहिलेला तो शब्द इथे वेगळ्याच अर्थाने आठवला. मला दुष्काळ माहीत होता, वाळवंट माहीत नव्हते. दुष्काळी गावात प्रत्येक जण आभाळाकडे पाहून काहीतरी म्हणत असतो. इथे आभाळाकडे कोणीच पाहत नव्हते.

तसे म्हणायलाही पूर्ण अर्थ नाही, कारण त्याच दिवशी वाटाड्याने वाळूतून एक काळा किडा उचलून तळहातावर घेतला आणि सांगितले, की याच्या भाईबंदांपैकी एक जात पहाटे समुद्राकडून धुके आले की टेकडीच्या माथ्यावर जाऊन डोके खाली आणि पाठ वर करून उभी राहते; पाठीवर जमलेले धुक्याचे थेंब ओघळून तोंडाशी येतात आणि किडा ते पितो. किनाऱ्यावर वर्षाकाठी वीस मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमच्या माणदेशात पाचशे पडतो आणि आम्ही त्याला अवर्षण म्हणतो.

किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड गाव जर्मन वळणाचे आहे. बेकऱ्या, मनोरे, लाकडी सज्जे. नामिबियावर १८८४ पासून १९१५ पर्यंत जर्मनीची सत्ता होती. आमच्या गाडीत एक जर्मन जोडपे होते, ते या गावात सुरुवातीला मोकळे झाले आणि नंतर अबोल. गावाच्या कडेला दफनभूमी आहे. तिच्या एका बाजूला नावे कोरलेले संगमरवरी दगड आहेत आणि दुसऱ्या बाजूला वाळूचे नुसते छोटे उंचवटे, ज्यांवर नावे नाहीत. १९०४ साली हेरेरो लोकांनी उठाव केला. वॉटरबर्गच्या लढाईनंतर जर्मन सैन्याने त्यांना बायकामुलांसह ओमाहेके या निर्जल प्रदेशात रेटले आणि पाणवठ्यांवर पहारे बसवले. जे तहानेने मेले नाहीत त्यांतले पुष्कळ छावण्यांमध्ये मेले, आणि त्यांतली एक छावणी याच गावात होती. जर्मन सरकारने २०२१ मध्ये या प्रकाराला वंशसंहार म्हटले. पाणी अडवणे हा शब्द मी नोकरीभर चांगल्या अर्थाने वापरत आलो होतो.

इटोशा या नामिबियातल्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल लिहायला बसलो तर लेख तिथेच संपेल, म्हणून ओकाकुएयोच्या पाणवठ्यापुरते लिहितो. मुक्कामाच्या आवाराला लागून एक तळे आहे, मध्ये कमरेएवढी दगडी भिंत, बसायला बाके आणि तळ्यावर रात्रभर मंद पिवळा प्रकाश. तिथे मोठ्याने बोलायचे नाही असा नियम आहे आणि तो पाळला जातो. रात्री साडेदहाच्या सुमारास एक जिराफ आला. तळ्यापासून शंभर पावलांवर तो थांबला आणि पाऊण तास तसाच उभा राहिला. मग दहा पावले पुढे येऊन पुन्हा थांबला. शेवटी काठाशी आल्यावर त्याने पुढचे दोन्ही पाय थोडे थोडे करत बाजूला फाकवले, मान खाली नेली आणि ओठ पाण्याला टेकणार एवढ्यात झुडपात काही हलले म्हणून झटक्यात सगळा डोलारा पुन्हा उभा केला. असे त्याने चार वेळा केले. तो प्यायला तेव्हा मला माझ्या घशातून पाणी उतरल्यासारखे वाटले. नंतर काळा गेंडा आला, हत्तींचा कळप आला, आणि हत्ती येताच बाकीचे न भांडता मागे सरले. टँकरभोवतीची आमच्याकडची गर्दी मी बंदोबस्तातल्या अधिकाऱ्यांबरोबर पाहिलेली असल्याने ही शिस्त मला जरा लागलीच.

आम्ही भारतातले म्हटल्यावर वाटाड्या पहिल्या दिवसापासून एक प्रश्न विचारू पाहत होता. तो त्याने इटोशातून बाहेर पडताना विचारला. "आमचे चित्ते कसे आहेत?" सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आणले होते, आणि त्यांच्यातल्या काहींच्या मृत्यूच्या बातम्या मी निघण्यापूर्वी वाचल्या होत्या. सासरी पाठवलेल्या मुलीची चौकशी करावी तसा त्याचा सूर होता. मी खरे ते सांगितले. त्याने मान हलवली आणि गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकली.

रुंडू येथे आम्हाला ओकावांगो पहिल्यांदा भेटली. पलीकडचा काठ अँगोलाचा. तिकडच्या उंच प्रदेशात नोव्हेंबर ते मार्चमध्ये पडलेला पाऊस या नदीत येतो. ती नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते, बोट्स्वानात शिरते आणि तिथे कालाहारीच्या वाळूत पंख्यासारखी पसरून संपते. समुद्राला मिळत नाही. सीमेवर आम्ही पैसे बदलून घेतले. बोट्स्वानाने १९७६ मध्ये स्वतःचे चलन काढले, तेव्हा त्याचे नाव पुला ठेवले आणि सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. पाऊस म्हणजेच पैसा, असे माझे वडील म्हणत. त्यांना ही नोट दाखवायला हवी होती.

बोट्स्वानात गुरांच्या रोगप्रतिबंधक नाक्यांवर मात्र गंमत झाली. रानम्हशींकडून गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून तिथे शेकडो किलोमीटर लांबीची कुंपणे आहेत. ओलांडताना गाडीची चाके औषधाच्या पाण्यातून जातात आणि माणसांनी खाली उतरून भिजवलेल्या गोणपाटावर पाय पुसायचे असतात. सामानातली पादत्राणेही काढून दाखवावी लागतात. पत्नीने जपून आणलेल्या कोल्हापुरी चपला त्या पाण्यात दोन वेळा बुडाल्या आणि फुगून त्यांचे होडगे झाले. तिने त्या माउन या ओकावांगोकाठच्या गावाच्या बाजारात कोणालातरी देऊन टाकल्या आणि त्याचा राग तिने अनेक दिवस माझ्यावर काढला, जणू कुंपण मीच घातले होते.

आता मुख्य मुद्दा. पुढे पाहिलेले चोबेचे हत्ती आणि व्हिक्टोरिया धबधबा यांच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे, म्हणून मी ते वगळतो.

ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात वर्षाला सरासरी दहा अब्ज घनमीटरांच्या आसपास पाणी येते, म्हणजे आमच्या हिशेबाने सुमारे साडेतीनशे टीएमसी (अब्ज घनफूट). कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी आहे; तीन कोयना भरून वर उरेल एवढे हे पाणी. त्यातले शेकडा पंचाण्णवहून अधिक हवेत उडून जाते, थोडे जमिनीत मुरते आणि नदीने पुढे जाते ते अगदी किरकोळ. हा आकडा मी तंबूतल्या विजेरीच्या उजेडात वहीत लिहिला आणि त्याच्याकडे पाहत राहिलो. माझ्या तक्त्यात असा आकडा आला असता, तर मला कारणे दाखवा नोटीस आली असती.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोकोरोतून निघालो. मोकोरो म्हणजे लांब, अरुंद, उथळ होडी. पूर्वी ती एकाच झाडाचा बुंधा कोरून करत, आता झाडे वाचावीत म्हणून फायबरची करतात. मागे एक जण उभा राहून बांबूसारखी लांब काठी तळाला टेकवून होडी पुढे ढकलतो. आमच्या होडीवाल्याने "दुमेला रा, दुमेला मा" असे म्हणत आम्हा दोघांना नमस्कार केला आणि मग तासभर कोणी बोलले नाही. आपण पाण्यापासून वीतभर उंचीवर बसलेले असतो. लव्हाळी खांद्याला घासत जातात, कमळाची पाने होडीखाली दबून मागे पुन्हा वर येतात, आणि खालचा वाळूचा तळ इतका स्वच्छ दिसतो, की त्यावर उमटलेल्या लाटांच्या सुरकुत्या मोजता याव्यात. पुराचे पाणी गढूळ असते, एवढेच मला आयुष्यभर माहीत होते. हा पूर आरपार दिसत होता. चार-पाच महिन्यांपूर्वी अँगोलात पडलेला पाऊस लव्हाळ्यांतून आणि वाळूतून गाळत गाळत, चालत्या माणसापेक्षाही हळू इथे आला होता, आणि आला तो नेमका अशा वेळी, जेव्हा भोवतीच्या शेकडो किलोमीटरमधले पाणवठे आटले होते.

एका बेटावर उतरलो. काठाला गर्द झाडी आणि आत शिरत जावे तसतशी ती विरळ. मध्यावर पोहोचलो तर उघडी, फटफटीत जमीन, तिच्यावर पांढरी साय धरलेली आणि चार-दोन ताडासारखी झाडे. मी खाली वाकून ती माती चिमटीत घेतली आणि जिभेला लावली. खारट लागली. सांगली आणि शिरोळकडच्या उसाच्या मळ्यांत पाटाचे पाणी अतोनात दिल्याने चोपण झालेल्या जमिनी मी इतक्या पाहिल्या आहेत, की मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. होडीवाला हसत होता. त्याने काठीने मातीत आकृती काढून दाखवली. मुळात वाळवीच्या वारुळाभोवती असे बेट उभे राहायला सुरुवात होते. मग काठावरची झाडे भोवतीचे पाणी मुळांनी ओढून घेतात, पानांतून हवेत सोडतात, आणि पाण्यातले क्षार बेटाच्या पोटात मागे राहतात. वर्षानुवर्षे क्षार मध्यभागी गोळा होतात, तिथली झाडे मरतात, आणि भोवतीचे पाणी मात्र गोडे राहते.

इतक्या उष्ण प्रदेशात एवढे पाणी पसरून बाष्पीभवन होत असताना या जागेचे मिठागर कसे झाले नाही, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. उत्तर त्याच रकान्यात होते. झाडांनी पाणी उडवले म्हणून क्षार बेटांत कोंडले गेले, आणि क्षार कोंडले गेले म्हणून मासे, पाणघोडे, सिटाटुंगा हरिणे आणि आम्ही तिथे होतो. ज्या पाण्याला मी वाया गेलेले म्हणत होतो, ते उडता उडता काम करत होते.

हे इतक्या सहज लिहिले असले, तरी त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आणि त्याला कारण माउनमध्ये ऐकलेली दुसरी गोष्ट होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोट्स्वाना सरकारने दक्षिणेकडच्या बोरो प्रवाहाचे पात्र खोल आणि सरळ करण्याची योजना आखली होती. पाणी पसरून उडण्याआधी ते माउनकडे आणावे, साठवावे, शेतीला आणि ओरापाच्या हिऱ्यांच्या खाणीला द्यावे, असा हेतू होता. जानेवारी १९९१ मध्ये माउनच्या खोत्लात, म्हणजे त्यांच्या गावसभेत, लोक जमले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर विरोध केला. त्यानंतर योजना बासनात गेली. ही हकीकत सांगणारा मोठ्या अभिमानाने बोलत होता आणि मी माना डोलावत होतो. पण मनात मला स्वच्छ दिसत होते, की १९९१ साली मी त्या सभेत असतो तर समोरच्या खुर्चीत असतो, मांडीवर नकाशांची गुंडाळी घेऊन. अंदाजपत्रक मीच केले असते आणि ते चांगले केले असते. लोकांना समजत नाही, असे संध्याकाळी विश्रामगृहावर म्हणालोही असतो.

पूर ओसरताना उघड्या पडणाऱ्या ओल्या जमिनीत तिथले शेतकरी मका आणि ज्वारी पेरतात. तिला मोलापो म्हणतात. आमच्याकडे उजनीच्या काठाला पाणी मागे हटते तसतशी गाळपेर होते, तीच ही. याची मात्र मला झोपेआधी आठवण झाली आणि जरा बरे वाटले.

शेकोटीजवळ आणखी एक नाव कानी आले, मोथोमेलो. मध्य कालाहारीच्या अभयारण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या बासार्वा, म्हणजे सान आदिवासी लोकांना तिथून हलवताना २००२ साली या ठिकाणची कूपनलिका बंद करण्यात आली. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांचा परत राहण्याचा हक्क मान्य केला, पण पाण्याचा हक्क मिळायला जानेवारी २०११ मधला अपील न्यायालयाचा निकाल यावा लागला. मला महाडचे चवदार तळे आणि १९२७ साल आठवले. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत, हे मला कळते. तरी मी पत्नीला हळूच म्हटले आणि तिने मान हलवली.

माउन सोडून आम्ही पूर्वेला, मकगादीकगादीच्या खाऱ्या मैदानांकडे निघालो. वाटेत बोटेटी नदी लागते. त्रिभुज प्रदेशातून पुढे निसटणारे जे किरकोळ पाणी मी वर म्हटले, त्यातले काही या पात्रात येते. जवळजवळ दोन दशके ही नदी कोरडी होती आणि २००९ मध्ये पुन्हा वाहू लागली. गाडीचे एक चाक पंक्चर झाले म्हणून आम्ही नेमके पात्राशी थांबलो. वरच्या अंगाला डबकी चमकत होती आणि खालच्या अंगाला पात्र धुळीने भरलेले होते, त्यात गाढवांच्या पायवाटा. मधल्या जागी पाण्याची जीभ होती.

मी खाली उतरलो. वीतभर रुंद, बोटभर खोल पाणी, त्याच्या पुढच्या कडेला वाळलेल्या शेणाचा, काटक्यांचा आणि फेसाचा काठ. ते थांबल्यासारखे दिसे. मग धुळीत एक गडद डाग पुढे पसरे आणि पाणी त्यात शिरे. मुंग्या अंडी उचलून पळत होत्या. दोन बगळे माझ्याकडे दुर्लक्ष करून मुंग्यांच्या मागे होते. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आटपाडीत आले, तेव्हा आम्ही नारळ फोडले होते आणि भाषणे झाली होती. इथे कोणी नव्हते. सवयीने मी एक काटकी घेतली, पाण्याच्या टोकापासून हातभर पुढे जमिनीत उभी खोचली आणि तिच्यावर नखाने खुणा केल्या, कालव्यावर मोजपट्टी रोवतो तशा.

"अहो, चाक बसलं," पत्नीने वरून हाक मारली. "आता काय मोजताय?"

काटकीच्या बुंध्याशी माती काळी पडली होती. मी तिला हाताने थांब अशी खूण केली.